जट सुटली तो मंगळवार

हे प्रकरण गाळून टाक, असं सांगायला विजूचा फोन आला होता. विजू म्हणजे माझी आतेबहीण. मी लिहायला बसले आहे हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. "आई गेली त्याला किती वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये ग," ती म्हणाली. मी म्हटलं, "चांगलं काही आठवत असलं तर तू सांग, तेही लिहिते." तिनं स्वतःच्या गुडघ्यांचा विषय काढला. तेव्हा सुरुवातीलाच सांगून टाकते. मी आत्याला माफ केलेलं नाही, आणि हे लिहून संपवताना करीन असंही नाही. वय झालं की मन मोठं होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. ज्यांना मन मोठं झालेल्या बाईची गोष्ट वाचायची असेल त्यांनी ही पानं उलटून पुढं जावं.

अळणावरच्या बाजूला आमचं खेडं. आई मी लहान असतानाच गेली, आणि अप्पांना शेतातून आणि जनावरांतून माझ्याकडे बघायला सवड नव्हती. दहावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा शाळेतल्या बाईंनी अप्पांच्या मागं लागून मला धारवाडला विज्ञान घ्यायला पाठवलं, आणि अप्पांनी मला आपल्या बहिणीच्या मळमड्डीतल्या घरी आणून सोडलं. घर बसकं, कौलारू, समोर दोन फुटांची पडवी. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कोर्टात कारकून होते आणि घरी आले की रेडिओला कान लावून बसत. त्यांच्या तोंडून मी दिवसाला चार शब्द ऐकले असतील. मागच्या बाजूनं रेल्वे जवळ, त्यामुळं दिवसभर शिट्ट्या आणि कन्नडातल्या घोषणा घरात यायच्या. सकाळी आत्या भाकऱ्या थापायची, जोंधळ्याच्या, त्यांच्याबरोबर अळशीची चटणी आणि ताक. पहिली फुगलेली भाकरी मामांना, दुसरी विजूला. माझी भाकरी नेहमी शेवटची, तवा तापून गेल्यावरची, एका बाजूनं करपलेली. याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. करपलेली भाकरी पोटात गेली की संपते. केसांचं तसं नव्हतं.

माझे केस आईवर गेले होते. कुरळे म्हणण्यापेक्षा दाट, राठ, बारीक स्प्रिंगांसारखे वळलेले, ओढले तर पाठीपर्यंत येणारे आणि सोडले की खांद्यावर उडी मारून बसणारे. आत्याचे आणि विजूचे केस सरळ, काळेभोर, तेलकट. अप्पांनी स्वतःच्या पसंतीनं माझ्या आईशी लग्न केलं हे आत्याला आयुष्यभर सलत राहिलं होतं, आणि आई तर हाताशी नव्हती, म्हणून तिनं आईचं डोकं माझ्या खांद्यावर आहे असं धरून चालायला सुरुवात केली. "आईचंच घोंगडं घेऊन आलीय," असं ती पहिल्याच आठवड्यात शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

रविवार हा न्हाण्याचा दिवस. धारवाडात नळाला पाणी आठवड्यातून एखाददा, तेही कधी पहाटे कधी दुपारी, म्हणून पिण्याचं पाणी हंड्यांत भरून ठेवायचं आणि न्हायला बोअरचं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे. विजूसाठी आत्या शिकेकाई आणि मेथ्या रात्री भिजत घालायची, सकाळी उकळायची, आधी कोमट तेलानं तिचं डोकं चोळायची. त्या उकळणाऱ्या शिकेकाईचा वास मला आवडायचा, अजूनही आवडतो, हे माझ्या नाकाचं दुर्दैव. मग माझी पाळी. माझ्यासाठी कपड्याच्या साबणाची वडी होती, तीच, जिनं मामांची धोतरं आणि पायपुसणी धुतली जायची. "तुझ्या डोक्याला तेल घालायचं म्हणजे वाळूत पाणी ओतणं," आत्या म्हणायची. वडी ती टाळूवर घासायची, डोक्यावर बोअरचं पाणी ओतायची, टॉवेलनं खसाखसा पुसायची, आणि केस वाळून काथ्यासारखे झाले की बारीक दातांची फणी घेऊन वरून खाली ओढायची. फणीचे दात मोडायचे. मोडलेल्या प्रत्येक दाताला एक टोला. दोन वर्षं हे चाललं. मानेपाशी, आतल्या बाजूला, फणी पोचतच नसे. तिथं बोट घातलं तर केस मेण लावल्यासारखे चिकट लागायचे, पण न्हाऊनही चिकट का, हे मला कळत नसे.

ते मला सांगितलं कमलाक्कानं. माझ्या कॉलेजच्या वाटेवर, सप्तापूरच्या चढावर, तिचं एका खुर्चीचं ब्यूटी पार्लर होतं. पुढं दुकान, मागं तिची राहायची खोली. मूळची हुबळीची, घरी मराठी बोलणारी, बौद्ध. गिऱ्हाइकांशी कन्नड बोलताना हात आणि तोंड सारख्याच वेगानं चालायचे. युनिव्हर्सिटीच्या मुली तिच्याकडे भुवया कोरायला यायच्या. एकदा पावसासाठी मी तिच्या पत्र्याखाली थांबले, तर तिनं आतून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "डोक्याला काय लावतीस ग तू?"

मी खरं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "कपड्याचा साबण? आणि पाणी बोअरचं? अगं, जड पाण्यात साबण फुटतो. त्याचा साका होतो आणि तुझ्या केसात बसतो. बालदीच्या कडेला पांढरं बसतंय बघ, तसाच." मग माझ्या डोक्याचा एक केस तिनं न विचारता उपटला, दोन बोटांत ताणला, सोडला, उजेडाकडे धरला. "कोरडा हाय. केस सरळ असला की टाळूतलं तेल घसरत टोकापर्यंत जातंय. तुझ्या केसाला इतकी वळणं, ते जाणार कुठनं? तुझ्या बहिणीला शिकेकाई चालंल. तुला तेल जास्त पाहिजे आणि साबण कमी. फणी नको, मोठ्या दाताचा कंगवा घे. आणि वाळलेल्या केसाला हात लावायचा नाही, ओले असतानाच खालनं वर विंचरायचं." तिनं मला अळशीची गोष्टही सांगितली. मूठभर अळशी पाण्यात उकळायची, अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत चिक सुटला की गरम असतानाच जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, आणि न्हाऊन झालं की ओल्या केसांना लावायचा. मी हसले. आमच्याकडे अळशी खायची गोष्ट होती. "खा की. कोण नको म्हणतंय? उरली तर डोक्याला लाव," ती म्हणाली.

हे सगळं मी घरी जाऊन आत्याला सांगितलं, हा माझा मूर्खपणा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला वाटतं की माणसं चुकीचं करतात ती माहीत नसतं म्हणून. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणी शिकवलं हे?" मी नाव सांगितलं. आत्याला त्या बाईची जात ठाऊक होती. मळमड्डीत बसून सप्तापुरातल्या माणसांच्या जाती तिला पाठ होत्या. "तिच्या दुकानाच्या पायरीवर परत दिसलीस तर अळणावरची गाडी दाखवीन," एवढंच ती म्हणाली. पुढच्या रविवारी वडी जरा जास्त जोरानं फिरली.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी मला टायफॉईड झाला. तीन आठवडे मी पडवीला लागून असलेल्या खोलीत पडून होते. औषध मामांनी आणलं, पेज विजूनं दिली, हे लिहायला पाहिजे म्हणून लिहिते. केसांना मात्र कुणी हात लावला नाही. तापाच्या घामानं आणि उशीवर डोकं घासून मानेपाशी जे आधीच चिकटलेलं होतं ते गच्च झालं. मी उठून बसले त्या दिवशी हात मागं नेला तर हाताला केस लागेनात, नारळाच्या शेंडीएवढा एक कडक गोळा लागला, आणि त्याच्याखाली बोटभर जाड दोन दोर. मी विजूला म्हटलं, कात्री आण. विजू माझ्या मागं आली, तिनं पाहिलं, आणि ती ओरडत स्वयंपाकघरात गेली.

आत्या आली. तिनं मला पाठमोरी बसवलं. तिचा हात मला मानेवर जाणवला, आणि तो हात इतका हलका होता की मी दचकले. दोन वर्षांत त्या हातानं मला असा स्पर्श केला नव्हता. मग तिनं तो काढून घेतला, मागं सरली, पदर डोक्यावरून घेतला आणि जमिनीवर डोकं टेकलं. "उधो उधो! आई आली ग माझ्या घरी, यल्लम्मा आली!"

आमच्या भागात केसांची अशी जट म्हणजे देवीचं बोलावणं. ती कापायची नाही, विंचरायची नाही, तिला हळदकुंकू वाहायचं. जिला जट आली ती मुलगी देवीची. तिचं लग्न माणसाशी होत नाही, यल्लम्माच्या डोंगरावर नेऊन तिच्या गळ्यात मोती-पोवळ्यांची माळ बांधतात. मग ती आयुष्यभर परडी घेऊन दारोदार. कायद्यानं हे बंद झालेलं होतं तेव्हाही. पण कायदा कोर्टातल्या कारकुनाच्या मळमड्डीतल्या घरातसुद्धा आला नाही, आली ती देवी. देवीशी माझं भांडण नाही. तिनं मला कधी काही म्हटलं नाही. जे म्हटलं ते सगळं आत्यानं म्हटलं.

आणि आत्या बदलली. ज्या डोक्याला ती घोंगडं म्हणायची त्याला ती आता "आई" म्हणू लागली. सकाळी मला पाटावर बसवून माझ्या मानेवर हळद आणि कुंकू चढवायची, कडुलिंबाचा पाला खोचायची, कापूर ओवाळायची. पहिली फुगलेली भाकरी मला येऊ लागली, तूप लावून. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बायका यायला लागल्या. आजूबाजूच्या मास्तरांच्या, अधिकाऱ्यांच्या बायका, ज्या आत्याला कारकुनाची बायको म्हणून पडवीच्या खालूनच बोलायच्या, त्या आता चप्पल काढून आत यायच्या, खण-नारळ घेऊन. माझ्या पाया पडायच्या, आणि मग आत्याशी अदबीनं बोलायच्या. आत्या त्यांना चहा द्यायची आणि मला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी विसरलेले नाही. इतकं सुख मी त्या घरात आधी कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. तीही घाबरलेली असेल, तिलाही खरंच वाटत असेल, असं विजू म्हणते. असेल. पण मी कॉलेजला जाते म्हटल्यावर दाराला बाहेरून कडी तिनंच लावली.

अप्पांना निरोप गेला आणि अप्पा आले. मी वाट बघत होते. मला वाटलं होतं ते मला बघतील, विचारतील, "पोरी, तुला काय पाहिजे?" ते उंबऱ्यात थांबले. आत्यानं माझी मान वळवून त्यांना दाखवली. अप्पांनी हात जोडले. मला, स्वतःच्या मुलीला.

"अप्पा, हा साबणाचा मळ आहे," मी म्हटलं. "मला टायफॉईड झाला होता. केस गुंतलेत. एवढंच आहे."

"तसं बोलू नको, माझी आई," अप्पा म्हणाले. 'माझी आई' हे ते मला म्हणत होते की देवीला, मला समजलं नाही.

"पौर्णिमेला डोंगरावर नेऊ या," आत्या म्हणाली. "माळ बांधून आणू. तोवर हिला बाहेर सोडायचं नाही. आई रागावली तर तुझी जनावरं जातील, माझी पोरगी जाईल."

अप्पांनी मान हलवली. त्यांनी चहा घेतला, माझ्याकडे न बघता उठले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पौर्णिमेला दहा दिवस होते.

पौर्णिमेच्या आधीच्या मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं. आठ दिवसांनी पाणी आलं की मळमड्डीतल्या प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस घागरी घेऊन धावतं, देव आला असला तरी. आत्या आणि विजू मागच्या अंगणात हंडे भरत होत्या, मामा कोर्टात गेले होते, आणि पुढच्या दाराची कडी त्या गडबडीत लावायची राहिली. मी पायात चप्पलही न घालता निघाले. मानेवर हळदकुंकवाचा लगदा, केसांत लिंबाचा पाला. रस्त्यात दोन बायका बाजूला झाल्या आणि त्यांनी हात जोडले, एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली आणि "यव्वा, कूड्री," बसा आई, असं म्हणून मला सप्तापूरपर्यंत नेऊन सोडलं. त्यानं भाडं विचारलंसुद्धा नाही. पळून जाणाऱ्या मुलीला देवीनं केलेली तेवढीच मदत.

मंगळवार, म्हणून कमलाक्काचं दुकान बंद होतं. मी मागचं दार वाजवलं. ती पीठ मळत होती, पिठाच्या हातानं तसंच दार उघडलं. मला बघून तिनं काही विचारलं नाही, फक्त मला फिरवून मान पाहिली.

"कापा," मी म्हटलं. "लवकर कापा, अक्का. त्या येतील."

तिनं हात धुतले. कात्री घेतली, आणि मग ती परत ठेवली. "कापायला एक मिनिट लागंल," ती म्हणाली. "पण उद्या तुला साधा खोकला आला तरी ते म्हणतील देवी कोपली. आणि एखाद्या दिवशी तुलाबी वाटंल, खरंच असंल काय. तेव्हा कापायचं नाही. उघडायचं. तुझ्या डोळ्यांसमोर."

तिनं मला खाली बसवलं, स्वतः मागं स्टुलावर बसली. माझ्या पुढ्यात जुनं पांढरं लुगडं पसरलं. आधी खोबरेल कोमट केलं आणि त्या गोळ्यावर ओतलं, खूप, मी आयुष्यात डोक्याला लावलं नव्हतं इतकं. अर्धा तास मुरू दिलं. मग लोकर विणायची सुई घेतली आणि कडेचा एक केस सोडवला. मग दुसरा. दुपार झाली. तिनं मला भाकरी भरवली. प्रत्येक वेळी काही निघालं की ती ते पुढं टाकायची आणि म्हणायची, "बघ." साबणाचा पिवळा मेणचट साका, नखानं निघेल असा. उशीतला कापूस. गोधडीचा निळा दोरा. लिंबाचे देठ. तांदळाचे दाणे, हळदीत माखलेले. विजूची हरवलेली एक काळी पिन. कुंकवाचे खडे. लुगड्यावर छोटा ढीग झाला.

"आता सांग," कमलाक्का म्हणाली, "ह्यात कोण हाय?"

मी त्या ढिगाकडे बघत राहिले. मग मला हसू फुटलं आणि ते थांबेना, आणि तिनं माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं, हलू नये म्हणून. सगळं सुटलं नाही. अगदी मानेलगतचा मुठीएवढा भाग नमद्यासारखा, दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखा झाला होता. तो तिनं माझ्या संमतीनं कापला आणि वेगळा ठेवला. बाकीचे केस तिनं घंघाळात नळाच्या पाण्यानं धुतले. शाम्पू मगभर पाण्यात विरघळवून फक्त टाळूला. टॉवेल नाही, मऊ जुनं कापड, दाबून. मग अळशीचा चिक. तिनं आरसा समोर धरला तेव्हा मला त्यात माझी आई दिसली असं लिहायला मला आवडलं असतं, पण आईचा चेहरा मला आठवत नाही. मला मी दिसले, आजारानं वाळलेली, आणि माझ्या तोंडाभोवती ओल्या काळ्या वळ्या, एकेक सुटी, चकचकीत. ते केस कधीच घोंगडं नव्हते. सतरा वर्षं माझ्याच डोक्यावर होते आणि मी त्यांना पहिल्यांदा बघत होते.

आत्या चार वाजता पोचली. रिक्षावाल्यानं कुणाला तरी सांगितलं असणार. ती मागच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. बाटायचं नव्हतं ना तिला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग कमलाक्काकडे. "कुणाच्या हाताखाली डोकं दिलंस तू?" ती मला म्हणाली. "कुणाच्या?"

"डोकं हिचं हाय," कमलाक्का म्हणाली. "हिनं दिलं. आत येऊन बघा की बाई, काय काय निघालंय ते. तुमच्याच घरचं हाय सगळं."

आत्यानं ढिगाकडे बघितलंच नाही. तिची नजर त्या कापलेल्या गोळ्यावर गेली. आणि मग तिनं, जिला तो उंबरा ओलांडायचा नव्हता तिनं, तो ओलांडला. वाकून तो गोळा उचलला, डोळ्यांना लावला, पदरात बांधला. मी म्हटलं, "आत्या." का म्हटलं ठाऊक नाही. सतरा वर्षांची होते, आजारातून उठलेली होते, आणि जायला दुसरं घर नव्हतं.

तिनं पदराची गाठ दाबून धरली. "माझ्या घरात राहत होती ती ही," ती म्हणाली. "तू कोण, मला ठाऊक नाही."

ती गेली. तो गोळा तिनं देव्हाऱ्यात ठेवला, हे मला विजूनं खूप वर्षांनी सांगितलं. तिच्या मरणापर्यंत त्याची पूजा होत होती. माझी ट्रंक दुसऱ्या दिवशी रिक्षातून आली. विजू सोबत होती. तिनं ट्रंक पायरीवर ठेवली आणि वर न बघता परत रिक्षात बसली. पुस्तकं-वह्या सगळं होतं, रसायनशास्त्राची वही सोडून.

मी कमलाक्काच्या खोलीत राहिले, पुढं सप्तापुरातच दोघी मुलींबरोबर एका खोलीत. दुपारी तिच्या दुकानात काम करायची. आलेल्या मुलीचा केस बोटांत ताणून बघायला मी तिथंच शिकले. कुणाचा बारीक आणि तेलकट, त्याला जड तेल लावलं की चपटा बसणारा. कुणाचा माझ्यासारखा. सगळ्यांना एकच बाटली विकणाऱ्यांवर ती चिडायची. पुढं मी शाळेत तीस-पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि जड, म्हणजे पुस्तकातल्या दुष्फेन पाण्याचा धडा आला की साबणाचा साका कसा होतो हे मुलांना बीकरमध्ये करून दाखवलं. का इतक्या जोरात ढवळते हे कुणाला सांगितलं नाही. आता माझ्या केळगेरीच्या घराशेजारची मुलगी मोबाईलवर आपल्या केसांच्या कुरळेपणाचा नंबर काढते, तीन की चार, ए की सी, आणि हुबळीच्या मॉलमधून कुरळ्या केसांसाठी असं लिहिलेली अळशीची जेल मागवते. किंमत बघून मी तोंडात बोट घालते. पण त्या बाटलीवर 'घोंगडं' असं कुठं लिहिलेलं नसतं, म्हणून मी तिला काही बोलत नाही.

अप्पा महिन्याभरानं आले. मी परीक्षेचा अभ्यास करत बसले होते. ते खोलीच्या दारात उभे राहिले, हातात शेंगांची पिशवी. बराच वेळ मला निरखत होते. "ताप-बीप आला नाही ना परत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"जनावरंबी ठीक हायत," ते म्हणाले. महिनाभर ते वाट बघत होते, मी मरते की बैल मरतो याची. आम्ही दोघंही जिवंत होतो म्हणून ते आले होते. हे मला तेव्हाच कळलं. ते पुढं आले. हात अर्धा उचलला, थांबवला. "हात लावू?"

"पोरीच्या डोक्याला हात लावायला विचारतात होय?"

त्यांनी हात ठेवला. खरबरीत हात, नांगराचा. केसांत अडकेल असं त्यांना वाटलं असावं, पण तो अडकला नाही, टाळूपासून टोकापर्यंत सरळ आला. अप्पा रडायला लागले. "मी घाबरलो ग," ते म्हणाले. "मला काय कळतंय त्यातलं." मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो राग मला कुणाच्या रडण्यावर खर्च करायचा नव्हता. मी त्यांना पाणी दिलं. थोडा वेळ बसून ते उठले आणि चप्पल घालताना म्हणाले, "जाता जाता मळमड्डीला तुझ्या आत्याकडं डोकावून जातो. गाडीला वेळ हाय अजून."

"जा," मी म्हटलं. "पण तिकडं गेलात तर परत इकडं येऊ नका."

ते तसेच वाकलेले राहिले, एका चपलेत पाय, एक रिकामी. अळणावरला ते नेहमी रेल्वेनंच जात, आणि मळमड्डीवरून गेल्याशिवाय स्टेशनाला जाणं त्यांना ठाऊक नव्हतं. खूप वेळानं त्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली.

"अळणावरची बस," त्यांनी विचारलं, "इथनं कुठं मिळती?"

मी पुस्तक मिटलं आणि त्यांना स्टॉप दाखवायला बाहेर आले.